एकास सत्त्याऐंशी

बुचाच्या डोक्यावर डिंकानं उभी केलेली
ही बाई जेमतेम दोन सेंटिमीटरची.
कोट झाला, मफलर झाला,
हातातल्या पेटीची कडीसुद्धा झाली.
आता डोळे.
इथंच माझी गाडी अडते.

लुलेओत जानेवारीतला उजेड
घाईतल्या पाहुण्यासारखा:
साडेनऊला दार वाजवतो, कोट काढत नाही,
दोन वाजले की उठतो.
उरलेला दिवस एक पिवळा दिवा
आणि त्याच्याखाली मी,
नाक रंगात बुडेल इतकी वाकलेली.
वीस वर्षं अशीच गेली. छान गेली, खोटं का बोलू.

शिरीन फाराहानी, माझी डोळ्यांची डॉक्टर,
वयानं लेकीहून लहान, बोलायला सासू.
बुबुळात उजेड मारून म्हणाली,
मोतीबिंदू कोवळा आहे, त्याची घाई नाही.
पण तुम्ही पापण्या मिटता कधी?
रंगवताना मोजा.
मी मोजलं. मिनिटाला तीन.

श्वास रोखला की रेघ सरळ येते
हे मला ठाऊक होतं.
श्वासाबरोबर पापण्याही रोखून धरत होते
हे कुणाला ठाऊक होतं?

आता टेबलाला दोन दिवे, पांढरे, दोन्ही बाजूंना,
म्हणजे माझाच हात माझ्या कामावर सावली धरत नाही.
कपाळावर पट्ट्यानं बांधलेलं भिंग.
थूर्स्टेन म्हणतो, घड्याळजी दिसतेस.
दिसू दे.
डोळ्यांत तेल घालून काम करावं म्हणतात;
मी थेंब घालते, दिवसातून चारदा,
आणि काम थोडं कमी करते.

क्लबातला आल्वार, एकोणीस वर्षांचा, नजर घारीची,
म्हणाला, द्या इकडे, डोळे मी काढतो.
(डोळे काढतो! ऐकायलाच कसंतरी.)
मी नको म्हटलं, जरा तुसडेपणानंच.
त्याला काय सांगू?
एकतीस वर्षं मी तिकिटाच्या काचेमागे बसले.
काचेपलीकडे आधी डोळे यायचे, मग पैसे:
धावत आलेले, रडून आलेले,
अर्ध्या तिकिटासाठी पोराचं वय चोरणारे.
ही पेटीवाली त्यांतलीच.
किरुनाचं तिकीट मागितलं, एकेरी,
आणि परतीचं विचारलं तर
माझ्याकडे बघितलंच नाही.

तेवढ्यात अंडं ओरडलं.
अंडं म्हणजे स्वयंपाकघरातलं घड्याळ,
वीस मिनिटांनी कोंबडीसारखं कलकलतं;
कुंचला खाली ठेवायचा, उठायचं,
खिडकीतून लांब बघायचं. डॉक्टरचा हुकूम.

लांब म्हणजे गोठलेली खाडी
आणि बर्फावरून बेटाकडे गेलेला रस्ता.
त्यावर कुणीतरी, पायानं रेटत घसरगाडी नेणारा.
इतक्या दुरून तो माझ्या पेटीवालीहून लहान.
तोंड नाही, नाक नाही, डोळे तर नाहीतच.
तरी मला कळलं तो कुठं बघतोय.
मान किंचित डावीकडे,
खांदा मागं राहिलेला.
बेटावर कुणाच्या तरी घरात दिवा लागला होता.

मी तिथंच उभी राहिले.
वीस सेकंदांची सांगितली होती विश्रांती,
मी पाच मिनिटं घेतली.

परत आल्यावर पांढऱ्याचं झाकण उघडलंच नाही.
तपकिरी पातळ केला, चहाइतका पातळ,
भुवईखाली एक स्पर्श,
नुसती सावली.
हात लांब करून बघितलं.
बघत होती.
माझ्याकडे नाही, अर्थात.

दुसरी भुवई राहिली तोच अंडं पुन्हा ओरडलं.
राहू दे.
तिची गाडी चुकत नाही.
आमच्या स्टेशनात ती कायम
फलाटालाच लागलेली असते.